एकतीस फुल्या

२ फेब्रुवारी १९९९, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी आज दोन वह्या दिल्या. एकीत रोज कुठल्या भिंतीवरचं काय उपटलं ते लिहायचं, ती त्या वाचणार. दुसरी कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ती तुमची, सेत्तिमियाबाई. मनात येईल ते लिहा." मनातलं लिहिलं आणि कुणी वाचलं तर दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढतील. पण वही चांगली आहे, कागद जाड आहे, फुकट कशाला घालवायची? मी पाचवीपर्यंत शिकले. ज्याला चुका काढायच्या असतील त्याने ही वही उघडूच नये.

चौदा वर्षं झाली ह्या पडक्या न्हाणीत खुरपं चालवतेय. पुस्तकात तिचं नाव लांबलचक आहे, कुठल्याशा सम्राटाचं. आमच्या भागात सगळे न्हाणीच म्हणतात, ट्रामवालासुद्धा. छप्पर गेलं, पाणी गेलं, भिंती राहिल्या, पाच-सहा मजली इमारतीएवढ्या. त्यांच्यावर जे उगवतं ते मी उपटते. मी उपटते, ते उगवतं. असा आमचा संसार.

यंदा घाई फार. पुढच्या वर्षी येशूच्या जन्माला दोन हजार वर्षं म्हणून जुबिली, जगभरातून यात्रेकरू येणार, म्हणून रोम कसं घासूनपुसून दिसलं पाहिजे. एवढी म्हातारी भिंत आणि चकचकीत! माझ्या आईला लिपस्टिक लावल्यासारखं.

११ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंशी वाजलं. ह्या ओर्नेल्लाबाई माणसांच्या नव्हे, झाडांच्या डॉक्टर. वय तीस, अंगावर मांस नाही, शिडीवर मात्र सरड्यासारख्या चढतात. मी उत्तरेची भिंत सकाळपासून खरवडून साफ केली आणि ह्या आल्या नि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"हे काय केलंत? सिंहतोंडी सगळी उपटलीत?"

"गवत होतं, काढलं."

"सिंहतोंडी, बाटल्या घासायचा पाला, ती जांभळ्या फुलांची नाजूक वेल, ह्यांची मुळं भिंतीला काही करत नाहीत. उलट धरून ठेवतात. काढायचं अंजीर. काढायचं ते स्वर्गाचं झाड, मुळासकट. बाकीच्यांना राहू द्या."

"सगळ्यांना राहू देऊ, तर मी पगार कशाचा घेऊ?"

"ओळखण्याचा," म्हणाल्या.

ओळखण्याचा पगार! असं कुठे असतं का? पण दुपारभर शोधून पाच अंजीर काढली. एकाचं मूळ माझ्या मनगटाएवढं, दोन विटांच्या मधून आत शिरून पलीकडे निघालेलं. आणि स्वर्गाच्या झाडाला हे नाव कुणी दिलं त्याला मी शोधतेय. तोडलं की वास असा येतो, जसं शेंगदाण्यात उंदीर मेलाय.

केपरच्या झुडपावर मात्र आमचं दोघींचं एकमत. दक्षिणेच्या भिंतीतून ते केस सोडल्यासारखं लोंबतं. त्यांना त्याचं कौतुक, मला जूनमध्ये त्याच्या कळ्या हव्या असतात, मिठात घालायला.

एक नवा गवंडी आलाय, क्विरिनो नावाचा. सत्तावन्नचा असेल. वेल्लेत्री गावाकडचा, बायको वारलेली, आजवर चर्चची कामं केली. हळू म्हणजे किती हळू! तो एक वीट बसवेपर्यंत माझ्याकडे दुसरं गवत उगवतं. दुपारी डबा घेऊन बरोबर मी बसते त्याच दगडावर येऊन बसतो. एवढी मोठी न्हाणी पडलीय, ह्याला दुसरा दगड मिळत नाही?

१६ फेब्रुवारी, मंगळवार

उद्यापासून उपासाचे चाळीस दिवस, म्हणून आज आईने सकाळीच शंकरपाळ्यांसारख्या पट्ट्या तळल्या, वर साखर भुरभुरली. डबाभर नेल्या. क्विरिनोने अकरा खाल्ल्या. मोजल्या मी.

तोरेजानी साहेब आले होते. ठेकेदाराचा माणूस, हातात नेहमी फाइल, बुटाला कधी माती नाही. ते म्हणाले भिंतीतली भोकं बंद करायची. भिंत बांधताना जुन्या गवंड्यांनी परांचीची लाकडं रोवायला चौकोनी भोकं ठेवली होती, ती तशीच राहिली. त्यात कबुतरं बसतात आणि खाली घाण करतात. यात्रेकरूंच्या डोक्यावर ती पडायला नको.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका अटीवर. आधी प्रत्येक भोकात हात घालून बघायचं. आत जिवंत काही कोंडलं जाता कामा नये."

"हात कोण घालणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे हात लहान आहेत आणि मी कशाला घाबरत नाही. बरं म्हटलं. प्रत्येक भोकाला नंबर द्यायचा आणि खडूने खूण करायची ठरली. आत कुणी असेल तर गोल, रिकामं असेल तर फुली.

२२ फेब्रुवारी, सोमवार

क्रेनच्या पाळण्यात बसून तीन दिवस वर जातेय. पहिल्यांदा कठडा सोडवत नव्हता, आता मजा वाटते. वरून सगळं दिसतं. आमची ट्राम, वाळत घातलेल्या चादरी, मांजरांना शेवया घालणारी ती म्हातारी, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात एक कोल्हीण उन्हात झोपलेली. चौदा वर्षं मी खाली बघून काम केलं. मला काय माहीत, आपल्या इथे कोल्हीण राहते!

भोकात काय काय निघालं: पाली सहा, झोपलेल्या, थंडगार. कबुतरांची अंडी, ती साहेबांच्या माणसाने नेली. गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं. सतरा नंबरमध्ये दोन वटवाघळं, एकमेकांना चिकटून, अक्रोडाएवढी. तिथे मोठा गोल काढला आणि शेजारी "झोपलेत" असं लिहिलं.

बाकी कचरा. रिकाम्या भोकांत अगदी मागे एक गोल चकती असते, कपाच्या बशीएवढी. गवताच्या काड्या, पिसं, थुंकीने चिकटवल्यासारख्या कडक. खुरप्याच्या टोकाने खरवडून टाकली. भोकं कशी आरशासारखी केली.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

संपलं. अडतीस भोकं, सात गोल, एकतीस फुल्या. तोरेजानी साहेबांनी कागदावर माझी सही घेतली आणि म्हणाले, "बाई, असं काम सगळ्यांनी केलं तर जुबिली उद्या करता येईल." चौदा वर्षांत साहेबाने पहिल्यांदा कौतुक केलं. घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "भोकं रिकामी आहेत एवढं सांगायला सही लागते?"

हिला काही सांगायचं म्हणजे!

८ मार्च, सोमवार

क्विरिनो भोकं बंद करतोय. सिमेंट नाही, नुसता चुना आणि जुन्या घाटाच्या विटा, आणि वीट भिंतीच्या जरा आत बसवायची, बोटभर. म्हणजे जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते शंभर वर्षांनी येणाऱ्यालाही कळावं, असा नियम. मी म्हटलं, शंभर वर्षांनी येणाऱ्याची एवढी काळजी, आणि खाली उभ्या असलेल्या माझी नाही, चुना माझ्या डोक्यावर पडतोय.

"मग वर या ना, सेत्तिमियाबाई," म्हणाला. "वरून बरोबर बसलीय की नाही ते सांगाल."

गेले. बरोबरच बसली होती. मला कशाला बोलावलं कोण जाणे.

आज महिला दिन म्हणून सगळ्या बायकांना पिवळ्या मिमोजाची डहाळी मिळाली. मला दोन. क्विरिनो म्हणाला जास्तीची आली होती.

१९ मार्च, शुक्रवार

संत योसेफाचा दिवस. क्विरिनोने मलई भरलेले तळलेले गोळे आणले. डॉक्टरीणबाई, फाटकावरचा राखणदार आणि आम्ही दोघं, असे चौघं आणि गोळे पाच. पाचवा माझ्यापुढे सरकवला. म्हणे मोजताना चूक झाली. विटा मोजताना ह्याची चूक होत नाही.

एकतीस भोकं बंद झाली. खालून बघितलं तर भिंत कशी शहाण्या मुलीसारखी दिसते, तोंड मिटून.

२९ मार्च, सोमवार

काल ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार, चर्चमध्ये मिळालेली ऑलिव्हची फांदी पाळण्याला बांधली आणि वर गेले, अंजिराची पालवी काढायला. नऊच्या सुमाराला चिरचिर ऐकू आली. पाकोळ्या आल्या. दर वर्षी येतात, ह्याच दिवसांत येतात, सगळ्या रोमला माहीत आहे. आई तर त्या दिसल्या की हिवाळ्याच्या गोधड्या गच्चीवर टाकते. मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं, खुरपं चालवणाऱ्याची मान खालीच असते.

आज मी वर होते.

त्या सरळ भिंतीवर येत होत्या. वेगात, बंदुकीतून सुटल्यासारख्या, आणि शेवटच्या क्षणी वळत होत्या. पुन्हा मोठा फेरा, पुन्हा भिंत. मला वाटलं वेडावल्या. मग एक आली ती वळलीच नाही. बावीस नंबरवर आदळली, विटेला नखांनी लोंबकळली आणि खरवडायला लागली. चुन्याचा भुगा पडत होता. मी हाताच्या अंतरावर होते. खरवडली, दमली, सुटली, फेरा मारून पुन्हा तिथेच आली. शेजारी एकवीस नंबर, तिथे दुसरी. मी फुली मारलेल्या भोकांवर.

एक खाली पडली. पाळणा खाली घेतला, उचलली. पाय असे इवलेसे, नावाला. जमिनीवरून उठता येत नव्हतं. छातीत घड्याळ लावल्यासारखी धडधड. पाळण्यातून वर नेली, तळहात सपाट धरला. एक क्षण बसली माझ्याकडे बघत, आणि गेली.

ती कपाच्या बशीएवढी चकती. थुंकीने चिकटवलेली. ती मी खरवडली. एकतीस वेळा.

जेवण गेलं नाही. आईने विचारलं, मी सांगितलं. आई म्हणाली, "अगं, फेब्रुवारीत पाकोळ्या कधी असतात का? उन्हाळी कपड्यांची पेटी हिवाळ्यात उघडून, कुणी घालत नाही म्हणून फेकून दिलीस."

बरोबर बोलली. त्याचाच जास्त राग आला.

३० मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंना फोन करून बोलावून घेतलं. मी सरळ सांगितलं, फुल्या माझ्या, खुरपं माझं. त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि रडायलाच लागल्या.

"चूक माझी," म्हणाल्या. "मी झाडांची माणूस. रिकामी आहेत का, एवढंच विचारलं. केव्हा रिकामी, हे विचारायला हवं होतं."

"रडून विटा निघतात का? किती दिवस आहेत ते सांगा."

मग त्यांनी नाक पुसून सांगितलं. पाकोळी आफ्रिकेहून येते ती आपल्याच भोकात येते, दर वर्षी त्याच. दोन-तीन आठवडे धडका मारेल. तोवर उघडलं नाही तर यंदा अंडी नाहीत, आणि पुढे इथे येणंही कदाचित नाही.

दोघी तोरेजानी साहेबांकडे गेलो. ते ईस्टरच्या सुटीवर निघायच्या घाईत. म्हणाले, "पुरातन भिंतीची वीट काढायला परवानगी लागते. अर्ज द्या. चाळीस दिवस. आता सण, म्हणजे पन्नास धरा."

"पन्नास दिवसांत ती पाखरं संपतील, साहेब."

फाइल उघडून त्यांनी माझी सही दाखवली. "बाई, रिकामी आहेत असं कुणी लिहून दिलं? आणि परवानगीशिवाय कुणी हात लावला, तर त्याने सप्टेंबरपर्यंत वाट बघायची गरज नाही, आधीच घरी बसावं."

सप्टेंबरला माझा करार संपतो. नवा देणारे हेच.

१ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस डोक्यात चिरचिर. शेवटी आज क्विरिनोच्या दगडावर मीच जाऊन बसले. एरवी तो माझ्यावर येतो, म्हणजे माझ्या दगडावर.

"अहो क्विरिनो, तुम्ही लावलेल्या विटा काढायच्या आहेत."

तो चीज कापत होता. कापतच राहिला. "किती?"

"एकतीस."

"मी लावलेल्या? त्या एवढ्या जिवावर बसवलेल्या?"

"हो. चूक माझी आहे, पण छिन्नी तुमच्याकडे आहे."

चीजचा आणखी एक तुकडा कापला. माझा संयम संपला. "हो नाहीतर नाही म्हणा, मला ट्राम पकडायचीय."

"साहेबांच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

त्याच्याकडे प्रत होती, चुन्याचे डाग पडलेली. मी अक्षर अक्षर लावून वाचली: कबुतरांना शिरता येणार नाही अशा रीतीने भोकं बंद करावीत.

त्याने एक वीट घेतली, जमिनीवर दोन दगडांमध्ये ठेवली, खाली तीन बोटं फट सोडली. "कबूतर जाईल ह्यातून?"

"छे. डोकंसुद्धा नाही."

"पाकोळी?"

मी परवा हातात धरलेली आठवली. चपटी, सुरीसारखी. "जाईल."

"मग ती वीट काढायची नाही. वर सरकवायची. बंदच राहिली की भोकं, कागदाप्रमाणे." आणि पुन्हा चीज. "चुना तीन आठवड्यांचाय, अजून मऊ असेल. सोमवारी. ईस्टरचा दुसरा दिवस, सगळं रोम डबे घेऊन गावाबाहेर जातं. इथे कुणी नसेल."

"तुमची नोकरी जाईल."

"मी गवंडी आहे, सेत्तिमियाबाई. भिंती कुठेही असतात."

एवढं डोकं ह्याच्यात असेल असं वाटलं नव्हतं. हळू चालतं, एवढंच.

४ एप्रिल, ईस्टर

सकाळी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली अंडी, जाड कापलेलं सलामी, चीजची रोटी. दुपारी कोकरू. आई म्हणाली, "एवढी गप्प का? उद्या कुठे निघालीस डबा भरून?"

"न्हाणीत."

"सुटीच्या दिवशी? कोणाबरोबर?"

"गवंड्याबरोबर. काम आहे."

आईने उरलेल्या कोकरातला चांगला भाग माझ्या डब्यात भरला. दोघांपुरता. तिला कुणी सांगितलं होतं?

५ एप्रिल, सोमवार

हात इतके दुखतायत की अक्षर नीट येत नाही. तरी लिहिते.

सातला गेलो. फाटकावरचा राखणदार म्हणाला, "इथे सहल?" क्विरिनोने टोपली दाखवली, त्याला अर्धं सलामी दिलं. तो मांजरांशेजारी सावलीत जाऊन झोपला. डॉक्टरीणबाई फूटपट्टी घेऊन आल्या. तीन बोटं म्हणजे कोणाची बोटं, असं विचारत होत्या. आम्ही क्विरिनोची धरली.

चुना चीजसारखा निघाला. तो छिन्नी मारायचा, मी वीट झेलायची, खालचा चुना खरवडायची, तो वीट वर बसवायचा. भुगा डोळ्यांत, तोंडात. पाकोळ्या आमच्या कानाजवळून जात होत्या, पंखांचा वारा लागायचा. मी बावीस नंबर आधी घ्यायला लावला.

चौथं भोक संपवताना डॉक्टरीणबाई खालून ओरडल्या, "बावीस! बावीस!"

मी वळेपर्यंत झालं होतं. काहीच दिसलं नाही, फक्त फट. मग फटीतून एक पीस बाहेर आलं आणि हळूहळू खाली गेलं.

"गेली आत?"

"गेली!" आणि त्या पुन्हा रडायला लागल्या. ह्यांना सुखात दुःखात एकच येतं.

क्विरिनो हातोडा धरून उभाच. चेहरा चुन्याने पांढरा, त्यात दोन डोळे. मी म्हटलं, "काय बघताय? सत्तावीस राहिली."

"अगं, जरा श्वास घेऊ दे," म्हणाला.

मला अगं म्हणाला. दमला असणार.

संध्याकाळपर्यंत तेवीस झाली. कोकरू पाळण्यातच खाल्लं, पाय बाहेर सोडून, खाली सगळं रोम रिकामं. आईच्या कोकराची एवढी स्तुती केली, की मी म्हटलं, बास, तिला कळलं तर डोक्यावर बसेल.

६ एप्रिल, मंगळवार

राहिलेली आठ झाली.

९ एप्रिल, शुक्रवार

तोरेजानी साहेब परत आले. दहा वाजता भिंतीखाली उभे, मान वर. मी खुरपं खाली ठेवलं आणि समोर गेले. लपायचं मला जमत नाही.

"हे काय आहे?"

"बंद केलेली भोकं, साहेब."

"ह्याला बंद म्हणतात?"

"कागदावर लिहिलंय कबुतरांना शिरता येऊ नये. थांबा आणि बघा."

दैवाने म्हणा, तेवढ्यात एक कबूतर आलं. लठ्ठ, राखाडी. चौदा नंबरच्या फटीत त्याने डोकं घालायला बघितलं, मग पाय, मग ढुंगण. विटेवर पंख आपटले, घसरलं आणि रागाने उडून गेलं. आम्ही सगळे बघत होतो. साहेबही. मग शेजारच्या फटीतून एक पाकोळी सुटली, साहेबांच्या टोपीवरून.

त्यांनी टोपी काढून झटकली. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं, की कुठल्याशा मोठ्या सभेला हे दाखवता येईल, भिंत राहिली, पाखरं राहिली, कबुतरं गेली, असं अजून कुणी केलेलं नाही. साहेबांनी फाइल उघडली. "मी सांगितलं होतंच," म्हणाले, "की भोकं पूर्ण बंद करायची नाहीत."

मी काही बोलणार, तर क्विरिनोने माझ्या पायावर पाय दिला. त्याचे बूट किती जड आहेत!

कागदावर आता साहेबांची कल्पना म्हणून लिहिलं गेलंय. लिहू दे. माझं नाव घालून काय करू, भाजीत टाकू?

१ मे, शनिवार

सुटी. क्विरिनो घरी आला, वालाच्या शेंगा आणि मेंढीचं चीज घेऊन. म्हणे आईंनी कोकरू पाठवलं होतं, त्याची परतफेड. आईने मला वाईन आणायला खाली पिटाळलं. परत आले तर दोघं हसत होते. काय म्हणून विचारलं तर आई म्हणाली, "शेंगांचं बोलत होतो."

१८ जून, शुक्रवार

केपरच्या कळ्यांचा दिवस. पहाटेच तोडाव्या लागतात, उन्हात उमलल्या की गेल्या. दोन बरण्या भरल्या. थोड्या सोडल्या, डॉक्टरीणबाईंसाठी. फूल पांढरं, मधे जांभळ्या मिशा.

मग आरसा आणि विजेरी घेऊन मोजणी. एकतीसपैकी एकोणीस भोकांत पिल्लं. बावीस नंबरमध्ये तीन, नुसती तोंडं. गळ्यापर्यंत उघडलेली तोंडं.

बारा रिकामी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकोणीस म्हणजे खूप आहेत, एका वर्षात घरटं नव्याने बांधायचं म्हणजे सोपं नसतं. मी मान हलवली. पण बारा ती बारा. कुणीतरी आलं असेल, आपटलं असेल, आमच्या सोमवारच्या आधी निघून गेलं असेल. त्या बारा माझ्या नावावर आहेत. कितीही गोड बोलून कमी होत नाहीत.

३० जून, बुधवार

सिंहतोंडी पुन्हा आलीय उत्तरेच्या भिंतीवर, मी उपटली होती तिथेच. गुलाबी. एका अंजिराने पण डोकं काढलं होतं, त्याला मात्र सोडलं नाही. नव्या वहीत आता नावं लिहून घेते. चौऱ्याहत्तर झाली. डॉक्टरीणबाई म्हणतात तीन अशी आहेत जी त्यांना दिसली नव्हती. मग त्यांनी नीट बघावं.

नवा करार मिळाला. कामाच्या रकान्यात "वनस्पती व पक्षी निरीक्षण" असं लिहिलंय. काम तेच आहे, खुरप्याचं. कागदाला मोठी नावं लागतात.

७ जुलै, बुधवार

दोन दिवस झाले, संध्याकाळी पाकोळ्यांची एक टोळी येते आणि रिकाम्या बारा भोकांवर धडका मारते. मला वाटलं, पुन्हा काही चुकलं, फट अरुंद झाली, चुना फुगला. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर हसल्या.

"ही मागच्या वर्षीची पिल्लं. अजून त्यांना घर नाही. पुढच्या वर्षीसाठी जागा बघतायत. दार वाजवून बघतात, कुणी आहे का आत."

मला खरं वाटेना. सुटी झाल्यावर पाळण्यातून वर गेले, स्वतः बघायला. क्विरिनो म्हणाला पाळणा एकटीने चालवायचा नसतो, नियम आहे. असा नियम मी कधी ऐकला नाही. आला.

रिकाम्या नऊ नंबरसमोर थांबलो. त्या येत, विटेला स्पर्श करून जात, येत, जात. ऊन उतरलं होतं, सगळी भिंत जर्दाळूसारखी. क्विरिनो बोलायला लागला. वेल्लेत्रीला त्याचं घर आहे, दोन खोल्या, मागे विहीर, बायको गेल्यापासून मागची भिंत पूर्ण वेलाने झाकून गेलीय. कुणीतरी जाणकाराने येऊन बघायला हवं.

"कसला वेल?"

"मला कुठे ओळखता येतं? हिरवा."

"पानं कशी? चिकट मुळं सोडतो का?"

"सोडत असेल."

"असेल काय! सोडत असेल तर चुना खाईल, दोन वर्षांत भिंत येईल खाली. गवंडी आहात की कोण? रविवारी येते. खुरपं माझं आणीन, तुमच्याकडचं बोथट असणार."

तो हसायलाच लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी म्हटलं, भिंत पडेल तेव्हा हसा. मग म्हणाला, "आणि वेल तसला नसला तर?"

"तर राहू देऊ. सगळंच काढायचं नसतं."

तो काहीतरी बोलणार होता. मी म्हटलं, गप्प बस जरा, बघ.

नऊ नंबरला एक पाकोळी लोंबकळली होती. डोकं आत घातलं. बाहेर काढलं. शेपूट दुमडली आणि आत गेली.

आम्ही दोघं हललो नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खाली राखणदार फाटक लावायला आला आणि ओरडला, उतरा, मला घरी जायचंय. क्विरिनोने त्याला हातानेच थांब म्हटलं.

अजून आतच होती.